कढीचा बुधवार

दिल्लीत चांगलं कँटीन कुठे आहे, असं मला कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, चांगलं म्हणजे कसं? बहुतेक जण म्हणतात, जेवण चांगलं असलं म्हणजे झालं. मग मी त्यांना कुठलंही एक नाव सांगून मोकळी होते. जेवण ही कँटीनची सगळ्यात शेवटची परीक्षा, हे मला साळवेसाहेबांनी शिकवलं. साळवेसाहेब आता नाहीत. त्यांच्या परीक्षेत पास होणारं ठिकाणही माझ्या माहितीत एकच उरलंय, आणि तिथे मला जेवण जात नाही.

साळवेसाहेब केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. नगरचे मराठी ख्रिस्ती. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाह्यांची बटणं मे महिन्यातही मनगटापर्यंत लावलेली. दिल्लीत तीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी नगरचीच राहिली होती, आणि त्या हिंदीत ते जे काही म्हणत ते समोरचा निमूट ऐकत असे. ‘नगर माझं जन्मगाव आहे, गाव मात्र दिल्ली,’ असं ते सांगत. दिल्लीला आपलं गाव म्हणणारा मराठी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही बाकीचे सगळे दिल्लीत पोस्टिंगवर होतो, मग ते पोस्टिंग जन्मभराचं का असेना.

मी त्या ऑफिसात लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नव्वदीची सुरुवात होती. मयूर विहारच्या सोसायट्यांना अजून गिलावा चालला होता, आणि तिथल्याच एका सोसायटीत मामाच्या घरी मी साताऱ्याहून येऊन पडले होते. पहिल्या दिवशी एक वाजला, सगळे उठले, त्यांच्यामागे मीही तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये गेले. भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेलं: बुधवार, कढी पकोडा. काउंटरसमोर तीन पाइप आडवे लावलेले, त्यांच्यावरून खणांचं स्टीलचं ताट सरकवत पुढे जायचं. पलीकडचा माणूस पळी उचलून फक्त ‘और?’ एवढंच विचारायचा. ताट भरेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. भरलेलं ताट घेऊन मी वळले आणि मला कळेना की बसायचं कुठे. सगळी टेबलं भरलेली, सगळे एकमेकांना ओळखणारे. मी उभी राहिले. कढी खणातून ओघळून भातात गेली. आता रडू येणार, असं वाटायला लागलं.

एका टेबलाशी एकच माणूस बसला होता. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्याने घडीचा पांढरा रुमाल टाकून ठेवला होता. जागा धरल्याची खूण. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठून रुमाल काढला आणि चक्क मराठीत म्हणाला, “नवीन का? बसा. ही आज येणार नाही.”

मी बसले. दोन घास पोटात गेल्यावर माझा मूळचा आगाऊपणा परत आला आणि मी विचारलं, येणार नव्हत्या तर रुमाल कशाला ठेवला होता? साळवेसाहेब म्हणाले, सवय. एवढंच. मग त्यांनी ताटावर क्षणभर डोळे मिटले. प्रार्थना झाल्यावर घास घेतला आणि दिल्लीच्या कढीला नावं ठेवायला सुरुवात केली. आमच्या नगरला कढी वाटीने पितात, ही थापीने लावायची, म्हणाले. ती कढी त्यांनी पुढे कितीतरी वर्षं दर बुधवारी खाल्ली आणि दर बुधवारी तिला नावं ठेवली.

‘ही’ म्हणजे मनोरमाबाई. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मंत्रालयात त्या नोकरीला. बरोबर एक वाजता रस्ता ओलांडून यायच्या. ठेंगण्या, गोल, खांद्याला भली मोठी पर्स. घरी साळवेसाहेबांची आई, दोन भाऊ, दोन मुलं, आणि नगरहून काही ना काही कामाने आलेला एखादा पाहुणा, एवढा सगळा गोतावळा दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवराबायकोला एकमेकांशी बोलायला जागा म्हणजे ते कँटीनचं टेबल आणि वेळ म्हणजे लंचचा अर्धा तास. मला हे कळायला फार दिवस लागले. तोवर मी रोज एखादी खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसत होते, आणि त्यांनी मला एकदाही जाणवू दिलं नाही. कळलं तेव्हा मी दुसऱ्या टेबलावर जायला लागले. चौथ्या दिवशी मनोरमाबाई माझं ताट माझ्यासमोरून उचलून आपल्या टेबलावर घेऊन गेल्या. मग मला जावंच लागलं.

त्यांचं बोलणं तरी काय असायचं? मुलाचे मार्क, सासूबाईंचा गुडघा, चर्चमधली कुणाची तरी सोयरीक. बोलता बोलता त्या आपला पापड त्यांच्या ताटात टाकायच्या आणि त्यांचं दही आपल्या ताटात ओतून घ्यायच्या. ही देवाणघेवाण न बघता चालायची. बुधवारी मात्र त्या फारसं बोलत नसत. बाईंना कढी प्रचंड आवडायची.

साळवेसाहेबांचा आठवडा फळ्यावर चालायचा. सोमवारी राजमा, मंगळवारी आलू-गोभी, बुधवारी कढी, गुरुवारी छोले, शुक्रवारी लौकीचे कोफ्ते. वारांची नावं ते वापरतच नसत. ‘कढीच्या दिवशी मीटिंग नको,’ ‘फाईल राजम्यापर्यंत पाठवतो,’ असं बोलायचे. सगळा सेक्शन तशीच भाषा बोलायला लागला होता. एकदा वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, रिपोर्ट कधी मिळेल? आमचे चतुर्वेदीजी गंभीरपणे म्हणाले, “सर, कोफ्तों तक हो जाएगा.” हे चतुर्वेदीजी कडक सोवळ्यातले. पण साळवेसाहेबांनी डोळे मिटले की तेही पलीकडच्या टेबलावर पोळी हातात धरून थांबायचे. आजूबाजूच्या टेबलांवर सगळेच थांबायचे. कुणी ठरवलं नव्हतं.

मग दिवस पालटले. शहरात नवीन गाड्या आल्या, नवीन दुकानं आली, ऑफिसात कॉम्प्युटर आले. साळवेसाहेबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना मनोरमाबाई गेल्या. सहा आठवड्यांचं आजारपण. परत कामावर आले त्या दिवशी एक वाजता साळवेसाहेब नेहमीच्या टेबलावर येऊन बसले. खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि परत खिशात ठेवला. समोरच्या खुर्चीवर कुणी बसेना. सगळ्यांना संकोच. शेवटी मी जाऊन बसले. त्यांनी आपलं दही माझ्याकडे सरकवलं आणि मी ते खाल्लं. पापड द्यायचं मला सुचलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

त्याच वर्षी कँटीनचं नूतनीकरण निघालं. पाइप उपटले. जमिनीत पक्क्या बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. काळ्या फळ्याच्या जागी दिव्यांची पाटी आली आणि सगळे पदार्थ सगळ्या दिवशी मिळायला लागले. लोक खूश झाले, मीही झाले, खोटं कशाला बोलू? मला डोसा आवडतो. साळवेसाहेब एकदा आत जाऊन आले आणि उरलेले महिने त्यांनी बिस्किटं खाऊन काढली.

निवृत्त झाल्यावर ते मयूर विहारला आले, माझ्या घरापासून दोन सोसायट्या सोडून. मुलगा प्रदीप गुडगावात एका कंपनीत मोठ्या पगारावर, धाकटी मुलगी परदेशात. आई गेली होती, भाऊ आपापल्या घरी. स्वयंपाक येत होता, पण एकट्यासाठी करायला मन घेत नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. “दळवीबाई, शनिवारी मोकळ्या आहात का? एक पत्ता लागलाय.”

तिथून आमची शोधमोहीम सुरू झाली. आठवडाभर हा गृहस्थ एकटा हिंडायचा आणि शनिवारी चालू असलेलं एखादं ठिकाण सापडलं की मला न्यायचा. वाचनालयाचं कँटीन, हॉस्पिटलचं, कोर्टाचं, नाटकाच्या हॉलमागचं, सगळं आम्ही पालथं घातलं. बाहेरच्यांना प्रवेश नाही, अशी पाटी असेल तिथे साळवेसाहेब काखेत जुनी फाईल मारून जायचे. लाल फीत बांधलेली, आत कोरे कागद. दिल्लीत हातात फाईल असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो शंभरदा खरा ठरलेला मी पाहिलाय. मला ते मागून यायला सांगायचे आणि शिपायाला म्हणायचे, “मॅडम मेरे साथ है.”

आत गेल्यावर ते आधी जेवणाकडे बघतच नसत. ताट सरकवायला पाइप आहेत का, फळा आहे का, फळ्यावर एकाच दिवसाचं लिहिलंय का, हे बघून घेत. मग एखाद्या भरलेल्या टेबलाजवळ जाऊन ‘कोई आ रहा है क्या?’ असं विचारत. लोक न बोलता ताट बाजूला ओढतात की एकमेकांकडे बघतात, यावर निकाल ठरायचा.

कोपर्निकस मार्गावर एका जुन्या सरकारी अतिथिगृहात आपलं मराठी जेवण मिळतं, असं मी मोठ्या हौसेने सांगितलं. गेलो. पांढरं टेबलक्लॉथ, पिठल्याचा खमंग वास. एक अदबशीर माणूस पुढे आला आणि त्याने मराठीत विचारलं, किती जण आहात? मी दोन म्हटलं. साळवेसाहेब जेवले, छान जेवले, पण बाहेर फुटपाथवर आल्यावर मान हलवून म्हणाले, नापास. मी चिडले. एवढं चांगलं जेवण झालं, आता काय खटकलं तुम्हाला?

“हॉटेलात शिरल्या शिरल्या विचारतात, कितने लोग?” ते म्हणाले. “मी ‘एक’ म्हणायचं. मग तो माझ्या मागे बघतो, कुणी आहे का. मराठीत विचारलं तरी प्रश्न तोच ना, दळवीबाई. कँटीनमध्ये हे कुणी विचारत नाही. रांगेत सगळे एकेकटेच असतात.”

त्या दिवशी मला कळलं की ते काय शोधत होते. नंतर मी कुरकुर केली नाही.

शेवटी सापडलं. मंडी हाउसच्या बाजूला एका संशोधन संस्थेच्या मागच्या आवारात, सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याचं छत. पाइप होते. फळा होता. आणि बुधवारी कढी होती. साळवेसाहेबांनी त्याच बुधवारी मला ऑफिसात फोन करून फक्त एवढंच सांगितलं की लागली, थापीने लावायची तीच कढी आहे. पुढची सहा-सात वर्षं ते रोज तिथे जेवले. आधी बसने, मग मेट्रोने. काखेत फाईल. फाटकावरचा यादव नावाचा रखवालदार त्यांना सलाम करायचा. आतल्या लोकांना ते कुठल्या तरी विभागाचे आहेत असं वाटायचं, आणि विचारणार कोण? नव्याने लागलेली, ताट घेऊन घुटमळणारी मुलं-मुली दिसली की साळवेसाहेब हात करायचे. त्यांच्यामुळे त्या कँटीनमध्ये कुणी उभं राहत नसे.

मग यादव गेला आणि फाटकावर कार्ड दाखवून उघडणारं यंत्र आलं. साळवेसाहेब आपल्या निवृत्तीच्या ओळखपत्राची लॅमिनेट केलेली प्रत घेऊन गेले. नवीन रखवालदार सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आत सोडलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“आज फाईल चालली नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, माझं कार्ड चालतंय का पाहते. चाललं. सरकारी कार्डावर पाहुणा नेता येत नव्हता, फक्त मी जाऊ शकत होते. ते त्यांना सांगताना मला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर ते लवकर खचले. किल्ल्या हरवायला लागल्या, गॅस चालू राहायला लागला. एकदा ते रविवारी बस पकडून जुन्या ऑफिसात जाऊन पोचले. प्रदीप येऊन त्यांना गुडगावला घेऊन गेला. एकविसावा मजला, तीन खोल्या, काचेची बाल्कनी. प्रदीप वाईट मुलगा नाही आणि सून नेहा तर फारच चांगली. ती दिल्लीचीच पंजाबी, साळवेसाहेबांशी तोडकंमोडकं मराठी बोलायला शिकली होती. नातवाच्या वाढदिवसाला प्रदीप सगळ्यांना एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला. जेवण झालं, पाहुणे गप्पा मारत होते, आणि साळवेसाहेब उठले. त्यांनी सगळ्यांच्या प्लेटा एकावर एक रचल्या, खरकटं वरच्या प्लेटीत गोळा केलं आणि ती उतरंड घेऊन ते धुण्याची जागा शोधत हॉलभर फिरले. कँटीनमधला माणूस दुसरं काय करणार? प्रदीपने धावत जाऊन प्लेटा काढून घेतल्या. मला फोनवर सांगताना तो म्हणाला, “मावशी, मला लाज वाटली नाही, खरंच. पण बॉस होता ना माझा.” त्याला लाज वाटली होती. माझं स्वतःचं काय झालं असतं मला माहीत नाही.

नेहाचा फोन आला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. बाबा दिवसभर एकच विचारतात, आज कौन-सा दिन है. कॅलेंडर दाखवलं तरी पटत नाही. मी जाऊन पाहिलं. घरात स्वयंपाकाची बाई होती, ती जे मनात येईल ते करायची. सोमवारी पुलाव, मंगळवारी पास्ता, परत पुलाव. मला एकदम उमगलं की या माणसाचे वारच काढून घेतलेत. मी नेहाला म्हटलं, एक फळा आण. तिने आणला, स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहायला लागली: सोमवार, राजमा. तिसऱ्या दिवशी कढी. चौथ्या आठवड्यात तिने मला फोन केला. साळवेसाहेबांनी दुपारी कढीचा घास घेतला होता आणि कुणी न विचारता म्हणाले होते, आज बुधवार. “आंटी, सच में बुधवार था,” असं म्हणून ती रडायला लागली.

हे सगळं मला माहीत होतं. फळा माझ्याच सांगण्यावरून आला होता. तरीही मी ती चूक केली.

त्या आठवड्यात बुधवारी मी संस्थेच्या कँटीनमध्ये माझ्या कार्डावर गेले आणि डबा भरून कढी घेतली. त्यांना खरी कढी खायला मिळावी, एवढंच डोक्यात होतं. फ्रीजमध्ये ठेवली, मुरली की चांगलीच लागते, आणि सुट्टीच्या दिवशी मेट्रोने गुडगावला नेली. शनिवार होता. नेहाने डबा उघडून गरम केली, वास घरभर गेला. साळवेसाहेब आपल्या खोलीत होते. थोड्या वेळाने ते बाहेर आले ते पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, पायात बूट. घड्याळात पावणेएक झाला होता. ते जेवणाच्या टेबलाशी बसले. खिशातून घडीचा रुमाल काढला आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

नेहा ताट घेऊन त्या खुर्चीकडे गेली. ते नम्रपणे म्हणाले, “कोई आ रहा है.”

मी फळ्याकडे पाहिलं. शनिवार, पुलाव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रदीप काहीतरी सांगायला पुढे आला, मी त्याला थांबवलं. सांगणार काय? तुमचा बुधवार मी शनिवारी आणला, हे? आम्ही तिघंही ताटं घेऊन भिंतीशी उभे राहिलो. एक वाजला. साळवेसाहेब दाराकडे बघत होते, घाई अजिबात नव्हती, रस्ता ओलांडायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. सव्वा वाजला. कढीवर साय धरायला लागली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग परत दाराकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मी ताट धरून तशीच उभी होते, आणि मला आता खरोखरच रडू येत होतं.

ते उठले. समोरच्या खुर्चीवरचा रुमाल काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“नवीन का?” ते म्हणाले. “बसा. ही आज येणार नाही.”

या खेपेला मी काही विचारलं नाही. बसले. माझ्या ताटात पापड होता, तो उचलून त्यांच्या ताटात टाकला. त्यांनी तिकडे न बघता आपली दह्याची वाटी माझ्या ताटात उपडी केली. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी पोळीवर हात ठेवून थांबले.